भागूआत्याचा दुसरा चहा

हैदराबादेतल्या कुठल्याही मराठी घरात मुलगी किंवा मुलाचं घर बघण्याचा कार्यक्रम ठरला, की पोहे भिजवण्याआधी एक चौकशी होते: भागूआत्या येणार आहेत का? येणार असतील तर सोफ्याची कव्हरं धुवायला पडतात, आजोबांना इस्त्रीचा सदरा मिळतो, आणि ज्या घरात खरोखरच काही झाकायचं असतं ते घर निरोप पाठवतं, की या आठवड्यात आमच्याकडे नळाला पाणी नाही, पुढच्या महिन्यात या.

भागूआत्या म्हणजे गौलीगुड्यातल्या चाळणीवाल्या लक्ष्मणरावांची बायको, दुकान सांभाळून लग्नं जुळवणारी. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. चाळण्या, सुपं, खलबत्ते, पोळपाट, लोखंडी तवे, आणि या सगळ्याच्या मधोमध स्टुलावर स्वतः भागूआत्या. साठी उलटलेली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, गालात कायम एक लवंग. दोघांची घराणी मूळची भालकीकडची, शेतकरी. शेती आजोबांच्या काळातच सुटली. पण धान्य मुठीत घेऊन, फुंकर मारून, त्यातले खडे ओळखायची सवय घराण्यातून गेली नाही. भागूआत्याने ती माणसांना लावली.

तिची पद्धत साधी होती. बघायला गेलेल्या घरी पहिला चहा आला, की ती तो मुकाट पिऊन कप खाली ठेवायची. पहिल्या चहावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. पहिल्या चहाची घराने सकाळपासून तालीम केलेली असते. त्यात आलं असतं, वेलची असते, म्हशीचं दूध असतं, कप ठेवणीतले असतात. तो कोणाचाही चांगलाच होतो. मग गप्पा रंगल्या, पाहुणे उठायच्या बेतात आले, की भागूआत्या पदर सारखा करून गोड आवाजात म्हणायची, "अजून घोटभर मिळेल का हो?"

आणि कान टवकारून बसायची. दुसऱ्या चहाची तालीम कोणीच केलेली नसते. आत भांडं आपटतं का, कोण कोणावर खेकसतं, दूध संपलं असेल तर आणायला कोण धावतं, नवरा मुलगा की त्याची म्हातारी आई, हे सगळं तेवढ्यात बाहेर ऐकू येतं. दिलसुखनगरच्या एका कोचिंग क्लासवाल्याकडे पहिल्या चहात केशर होतं. दुसरा मागितल्यावर आतून होणाऱ्या सासूबाईंचा आवाज आला, "यांच्या बापाचं हॉटेल आहे काय?" भागूआत्या उठली, आत जाऊन सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "चहा राहू द्या. पोट भरलं."

इतक्या वर्षांत तिने भीड म्हणून कोणाला बरं म्हटलं नाही. सख्ख्या भावालाही नाही. म्हणून तर त्या भावाची मुलगी तेजश्री अडचणीत सापडली तेव्हा तिने फोन केला तो भागूआत्यालाच.

तेजश्री कुकटपल्लीला राहते, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि वर्गात बसून कादंबऱ्या लिहिते. इंग्रजीत. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरापोरींसाठी, जादूच्या. तीन भागांची मालिका. एक राज्य आहे, तिथे जिकडे तिकडे मोठमोठे खडक आहेत, आणि कोणी बघत नसलं की ते खडक चालतात. नीरा नावाची सोळा वर्षांची पोरगी आहे, खडक तिचं ऐकतात. पहिला भाग बंगळूरच्या एका छोट्या प्रकाशकाने काढला. तो असा काही चालला, की कुठल्या कुठल्या कॉलेजातल्या मुली नीराची चित्रं काढून तेजश्रीला पाठवू लागल्या.

भागूआत्याला इंग्रजी येत नव्हतं आणि तेजश्रीला मराठी वाचता येत नव्हतं. म्हणून तेजश्री प्रत्येक प्रकरण फोनवर बोलून रेकॉर्ड करून पाठवायची, कुकटपल्लीच्या मराठीत, म्हणजे निम्मं इंग्रजी, थोडं तेलुगू आणि उरलेलं आत्यासाठी. पहिला भाग भागूआत्याने असाच ऐकला होता. आता दुसरा तयार होता.

"आत्या, सगळे फ्रेंड्स ऑसम म्हणतात. पण पहिल्याला पण ऑसमच म्हणाले होते ना! मला काही कळतच नाहीये. सोमवारी पाठवायचंय. तू सांग कसं झालंय."

"मी काय सांगू ग? पोथी सोडून मी पुस्तक हातात धरलं नाही."

"तूच म्हणतेस ना, पहिला चहा कोणाचाही चांगला होतो? हा माझा दुसरा आहे."

भागूआत्याने लवंग या गालातून त्या गालात घेतली आणि काम स्वीकारलं.

दुसऱ्या दिवसापासून फोन एका उपड्या खलबत्त्याला टेकवून ठेवला गेला आणि दुकानात कादंबरी सुरू झाली. चाळणी घ्यायला आलेली गिऱ्हाइकं चाळणी घेऊन लढाई संपेपर्यंत उभी राहू लागली. प्रकरण संपलं की भागूआत्या कुकटपल्लीला फोन लावायची आणि स्थळाची करतात तशी चौकशी करायची.

"त्या राजाची माणसं कुठली? आईकडून कोण?"

"आत्या, तो व्हिलन आहे."

"व्हिलनला आई नसते काय? आणि ही पोरगी एवढं सैन्य घेऊन निघाली, त्यांचा स्वयंपाक कोण करतं?"

"फँटसी आहे ग!"

"फँटसीत भूक लागत नाही वाटतं?"

तिकडून एक लांब उसासा आला, आणि पुढच्या प्रकरणात सैन्याबरोबर दोन आचारी चालू लागले.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण या गोष्टीत एक म्हातारी होती. भागेरा तिचं नाव. पहिल्या भागात ती शेवटी शेवटी जेमतेम दोन पानं येऊन गेली होती, दुसऱ्यात मात्र पहिल्या प्रकरणापासून नीराच्या सोबत होती. ही भागेरा खडकांशी बोलायची. तिच्या कमरेला किल्ल्या होत्या, गालात लवंग होती, आणि परक्या घरी गेल्यावर दुसरा काढा मागून प्यायल्याशिवाय ती कोणावर विश्वास ठेवत नसे. भागूआत्याने पहिल्या भागातच ओळखलं होतं. पण बोलली कोणाला नाही. आपली स्तुती आपण सांगत फिरू नये, लोकांनी ती ओळखावी आणि घरी येऊन सांगावी, असं तिचं मत होतं. वर्ष झालं होतं, अजून कोणी आलेलं नव्हतं.

आणि दहाव्या प्रकरणात भागेरा मेली.

मेली ती अशी. खोटा राजा तिला आणि नीराला महालात बोलावतो. पहिला काढा उत्तम. भागेरा सवयीप्रमाणे दुसरा मागते. राजाला तिची सवय ठाऊक आहे. विष दुसऱ्यात आहे. वासावरून भागेराला ते कळतं. पण प्यायलो नाही तर राजाला कळेल, की आपल्याला कळलं, आणि मग पोरगी वेशीबाहेर जिवंत जाणार नाही. म्हणून ती नीराला म्हणते, जा ग, खडकांना पाणी दाखवून ये. किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात देते. आणि एकटी बसून, काढा फार छान झालाय म्हणत, सावकाश सगळा पिते.

लक्ष्मणराव सुपं एकात एक रचत होते, त्यांचे हात मधेच राहिले. भागूआत्याने समोरच्या अर्ध्या प्यायलेल्या चहाकडे पाहिलं आणि कप दूर सारला. तो दुसरा चहा होता.

"माझ्या चहात विष?" तिने फोन लावला. "म्हातारीला कशाला मारलंस?"

"रडलीस ना आत्या?" तेजश्री आनंदाने ओरडली.

"रडतेय कशाला? मी पुस्तकाचं बोलतेय. म्हातारी गेली आणि पुस्तक बसलं. पुढे काही दम नाही."

"खरंच?" पोरीचा आवाज एकदम बारीक झाला. "मला पण तीच भीती होती. मग जिवंत करू? उतारा देता येईल तिला. तू म्हणशील तसं करते, आत्या. प्रॉमिस."

भागूआत्या हो म्हणायला तोंड उघडून बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला ताबडतोब उत्तर देता आलं नाही. पुस्तक खरोखरच बसलं होतं, की आपण मेल्यावर सगळंच बसतं असं आपल्याला वाटतंय? स्वतःच्या पोरीच्या लग्नात निकाल द्यायला बसवावं, तसं झालं होतं. पोरगी भाबडी, सांगू ते करणार. चुकीचं सांगितलं तर सोमवारी चुकीचं पुस्तक बंगळूरला जाणार.

"रविवारी येऊन सांगते," ती म्हणाली.

दिवस चिंचेचे होते. दरवर्षी या दिवसांत गल्लीतल्या बायका दुपारी भागूआत्याच्या मागच्या खोलीत विळ्या घेऊन बसतात आणि वर्षाची चिंच फोडून चिंचोके काढतात. या कामात भागूआत्याने एक गोष्ट केव्हाच हेरली होती. बोलण्यात राम नसला की बायकांचे हात भराभर चालतात. बोलणं रंगलं की हात मंदावतात. आणि कोणाची सून पळाली वगैरे निघालं, की हात थांबतात.

त्या दुपारी तिने गोष्ट काढली. पुस्तक तेजश्रीचं आहे हे सांगितलं. मात्र दहावं प्रकरण आलं तेव्हा तिने भागेराला मारलं नाही. भागेराने वास घेतला, कप राजाच्या तोंडावर फेकला, नीराचं मनगट धरलं आणि तिला घेऊन निघाली. पुढे पहिला दरवाजा लागला, भागेराने किल्ली लावली. दुसरा लागला, तिथल्या पहारेकऱ्याला भागेराने चार गोष्टी सुनावल्या. नदी आली, भागेराने उतार दाखवला.

चिंचोके टपाटप पडू लागले.

भागूआत्याने आवाज चढवला. चिंचोके आणखी भराभर पडू लागले. शेवटी सुशीलाबाई म्हणाल्या, "अहो, ही म्हातारी बोलते किती!" सुशीलाबाईही लग्नं जुळवतात. फरक एवढाच, की त्या पहिल्या चहालाच हो म्हणतात. "पोरीला काही करू देते का? माझ्या चुलत जावेसारखी दिसते. सगळ्यात हिचं नाक."

"हौ ना बाजी," कुलपांच्या दुकानातल्या रझियाआपा म्हणाल्या. "बच्ची के हात में कुछ देतीच नै. ये बुढ्ढी जाती कब?"

भागूआत्याने ते कडू गोळीसारखं गिळलं. "आज एवढंच," ती म्हणाली. कोणी आग्रह केला नाही.

दुसऱ्या दुपारी सगळ्या जमल्यावर ती म्हणाली, "काल माझ्याकडून वेगळंच सांगितलं गेलं. पोरीने लिहिलंय ते असं आहे." आणि तिने भागेराला राजाच्या महालात पुन्हा नेऊन बसवलं. पहिला काढा आला. दुसरा मागितला. वास आला. इथे पहिली विळी थांबली. नीराला बाहेर पाठवलं, किल्ल्या दिल्या. आता कोणाचेच हात हलत नव्हते. भागेरा एकटी बसून काढा पिऊ लागली, तशी रझियाआपांनी हातातली चिंच खाली ठेवली.

"मर गई? ऐसा कैसा मर गई?" त्या जवळजवळ रागावल्या. "अब उस बच्ची का क्या होता?"

भागूआत्या पुढे सांगत गेली. मधे सात राजांची एक सभा होती, तिथे चिंचोके पुन्हा टपाटप पडले. ते तिने ध्यानात ठेवलं. पण सभा संपून नीरा एकटीच पहिल्या दरवाज्याला किल्ली लावू लागली आणि तिला कुठली किल्ली ते आठवेना, तेव्हा खोलीत पुन्हा सगळं थांबलं.

सुशीलाबाई रडत होत्या. त्यांनी चिंचेचे हात डोळ्यांना लावले होते, त्यामुळे अर्धं रडणं चिंचेचं होतं, पण अर्धं नक्की भागेराचं होतं.

"किती शहाणी होती हो," त्या नाक ओढत म्हणाल्या.

भागूआत्याने लवंग गालात घोळवली, कमरेच्या किल्ल्या उगाच जरा वाजवल्या आणि शक्य तितक्या सहज विचारलं, "तिला बघून तुम्हाला कोणाची आठवण नाही आली?"

"आली की! खोटं कशाला बोलू, मला माझीच आठवण आली."

"मेरी सास ऐसीच थी," रझियाआपा म्हणाल्या.

भागूआत्याच्या पुढ्यातली चिंच त्या दुपारी जरा जास्तच जोरात फुटली.

रात्री जेवताना तिने लक्ष्मणरावांना सगळं सांगितलं. म्हातारी जगली तर बायकांना जांभया येतात, मेली तर हात थांबतात. लक्ष्मणराव खाली मान घालून भात कालवत राहिले.

"मला विचारशील तर," ते म्हणाले, "म्हातारी मरायला नको होती."

"अहो, पण गोष्टीला ते बरं पडतं."

"गोष्टीचं मला काय कळतं? मला म्हातारीचं कळतं."

भागूआत्याने त्यांच्या भातावर तूप जरा जास्त वाढलं. झालं मात्र असं, की ठरत आलेला निकाल पुन्हा डळमळला. आता तिच्या बाजूने एक मत पडलं होतं. एक मत पुरतं. नवऱ्याचं असलं म्हणून काय झालं, वाचकाचंच मत नाही का ते?

रविवारी ती मेट्रोत बसली ते दोन्ही उत्तरं तयार ठेवून. एका स्टेशनला भागेरा जिवंत व्हायची, पुढच्या स्टेशनला मरायची. अमीरपेटला शेजारी बसलेल्या मुलीने विचारलं, "आंटी, तब्येत ठीक आहे ना?" कारण भागूआत्या पुटपुटत होती, "उतारा दिला तरी चालेल."

कुकटपल्लीला भाऊ-वहिनी बाहेर गेले होते. तेजश्रीने दार उघडलं. नखं खाऊन खाऊन बोटं पार बोडकी केली होती पोरीने. तिने चहा आणला. आलं, वेलची, निळी नक्षी असलेले कप, बशीत बिस्किटं गोलाकार मांडलेली. भागूआत्या तो मुकाट प्यायली आणि कप खाली ठेवला.

"सांग ना आत्या."

"अजून घोटभर मिळेल का?"

तेजश्री हसू दाबत आत पळाली. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. मग "शिट" असा आवाज आला. मग ती पिशवी न घेताच जिना उतरून गेली आणि दुधाचं पाकीट छातीशी धरून धापा टाकत वर आली. चहा ठेवला, तो उतू गेला. जळका वास बाहेरपर्यंत आला. ती बाहेर आली तेव्हा हातात स्टीलचा पेला होता आणि भाजलेलं बोट तोंडात.

"उतू गेला आत्या. जरासा जळलाय पण. दुसरा ठेवू?"

"नको. दे इकडे."

तेजश्री समोर बसून पेल्याकडे टक लावून बघू लागली, आणि एकदम खुदकन हसली. "विष नाहीये ग."

भागूआत्या प्यायली. सगळा प्यायली. पेला खाली ठेवला.

"दुसरा पहिल्यापेक्षा बरा आहे," ती म्हणाली.

"चहा?"

"चहा भिकार आहे. पुस्तक."

भागूआत्याला आता थांबायचं नव्हतं. थांबली असती तर तोंडातून उतारा बाहेर पडला असता. "म्हातारी मेलीच पाहिजे. तू तिला जिवंत ठेवलीस ना, तर ती तुझ्या पोरीला एक दरवाजा उघडू द्यायची नाही. मी ओळखते तिला. पुढच्या पानावर ती नाही म्हणून तर आपण पोरीकडे बघतो. दम नाही म्हणाले ते मी माझ्या रागाने म्हणाले. दम आहे."

"मग सगळं बरोबर आहे?"

"सगळं कुठे? ती सात राजांची सभा काढून टाक. तो काही नवा चहा नाही, पहिल्याच पत्तीवर पाणी ओतून उकळलंयस. बायकांनी तेवढ्यात घमेलंभर चिंच फोडली."

"काढते. अजून?"

"अजून एक. मरताना ती म्हणते, काढा फार छान झालाय."

"हो, म्हणजे राजाला संशय येऊ नये म्हणून…"

"अग, ती बाई जन्मात कोणाला तोंडावर छान म्हणाली आहे का? छान म्हणाली की राजाला तिथेच संशय यायचा. जीव गेला तरी ती खोटं बोलणार नाही." भागूआत्याने विचार केला. "तिला म्हणू दे, साखर कमी आहे. जी बाई साखरेची तक्रार करते तिला विष कळलं असेल, असं कोणाच्या मनात येतं?"

तेजश्री हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले, आणि तशीच ती लॅपटॉपकडे धावली. भागूआत्याने बशीतलं एक बिस्किट उचललं. आपल्याला असं मरण कोणी आयुष्यात देणार नाही, ती मनात म्हणाली, आणि बिस्किट चहाशिवायच खाल्लं.

परतली तेव्हा लक्ष्मणराव दुकानाच्या दारातच उभे होते.

"काय झालं?"

"गेली म्हातारी."

त्यांनी मान हलवली. थोडा वेळ एका चाळणीची कड पुसत राहिले. "चहा ठेवू?"

"ठेवा. शेवटचं वाक्य मात्र मी दिलं हं तिला," असं म्हणून भागूआत्याने त्यांना साखरेची सगळी हकिकत सांगितली. चहा झाला. ती प्यायली, कप त्यांच्यापुढे धरला, त्यांनी पुन्हा आधण ठेवलं. या वेळी त्यांनी साखरेचा डबा जवळजवळ उपडाच केला, चहा दिला आणि चाळणी पुन्हा पुसायला घेतली.

भागूआत्याने दुसऱ्या चहाचा घोट घेतला. डोळे मिटले. मान एका बाजूला टाकली.

"साखर कमी आहे," ती क्षीण आवाजात म्हणाली.

लक्ष्मणरावांच्या हातातली चाळणी खाली पडली आणि ठणठणत पार रझियाआपांच्या दुकानापर्यंत गेली. ती उचलायला धावावं की बायकोला सावरावं, अशा घोटाळ्यात ते असताना त्यांचं लक्ष भागूआत्याच्या कमरेकडे गेलं. किल्ल्या हसण्याने खुळखुळत होत्या.